पुस्तकाला पत्ता हवा

समजा, झाशीत कित्येक पिढ्या राहणाऱ्या एका मराठी घरातली मुलगी बुंदेलखंड विद्यापीठात इतिहासात पीएचडी करते आहे. विषय १८५८ मधला झाशीचा वेढा. पहिल्या दिवशी ती संगणकासमोर बसते आणि शोधाच्या चौकटीत घरच्या सवयीने ‘झाशी’ असे लिहिते. एक यादी येते. शेजारची मैत्रीण हिंदीतून शिकलेली. ती त्याच चौकटीत ‘झाँसी’ लिहिते, तर यादी निराळीच येते. मग दोघी रोमन लिपीत लिहून बघतात आणि तिसरी यादी येते. शहर एक, किल्ला एक, राणी एक. पुस्तकांच्या याद्या मात्र तीन, आणि तिन्हींत सारखी असलेली पुस्तके अगदी मोजकी.

संगणकाला गाव कळत नाही, अक्षरे कळतात. प्रत्येक अक्षराला, मात्रेला आणि टिंबाला त्याच्याकडे एकेक क्रमांक दिलेला असतो. तो फक्त क्रमांक जुळवून बघतो. ‘शी’ आणि ‘सी’ वेगळे, हे आपल्यालाही पटते. पण हिंदीतला चंद्रबिंदू आणि साधा अनुस्वार यांचेही क्रमांक वेगळे आहेत, त्यामुळे ‘झाँसी’ आणि ‘झांसी’ ही एका साध्या शोधयंत्राला दोन गावे वाटतात. जुन्या मराठी छपाईत ‘झांशी’ सापडते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत शेवटी कधी ‘आय’, तर कधी ‘ई’ दोनदा. म्हणजे एकाच गावाला सहा-सात नावे झाली, आणि प्रत्येक नावाच्या दाराआड पुस्तकांचा वेगळा ढीग.

झोटेरो, मेंडेली, एन्डनोट अशी नावे संशोधन करणाऱ्यांच्या तोंडी असतात. ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर. बहुतेकांची ओळख होते ती प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात, संदर्भसूची लावायला. माझ्या मते ही ओळख फार उशिरा होते. त्यांचा खरा उपयोग पहिल्या दिवशी आहे, पुस्तक मिळवताना. कारण पुस्तक मिळवण्याचे निम्मे काम म्हणजे त्याचा पत्ता नीट लिहिणे.

पोथी गेली, टाचणही गेले

छापखाने येण्याआधी पुस्तक मिळवायचे म्हणजे पोथी कुणाकडे आहे ते शोधायचे, तिथवर जायचे आणि नक्कल करून घ्यायची. झाशीच्या राजवाड्यात संस्कृत पोथ्यांचा मोठा संग्रह होता. राजे गंगाधरराव नेवाळकरांनी तो वाढवला होता. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतले, लूट झाली, आणि त्या लुटीत हा संग्रहही गेला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा झाशीत होते. पोथ्यांच्या या नाशाबद्दल त्यांनी फार हळहळून लिहिले आहे.

पोथी गेली तरी तिची नोंद उरली, तर काय गेले एवढे तरी कळते आणि दुसरी नक्कल कुठे आहे का ते शोधता येते. नोंदही गेली तर काय शोधायचे हेच कळत नाही. म्हणून ग्रंथपाल पुस्तकाइतकीच त्याच्या कार्डाची काळजी घेत आले. जुन्या ग्रंथालयात लाकडी ड्रॉवरमध्ये ओळीने लावलेली कार्डे पाहिलेली आठवत असतील: लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, साल, विषय, आणि कोपऱ्यात कपाटाचा क्रमांक. कार्ड म्हणजे पुस्तक नव्हे, पण कार्डावाचून हजारो पुस्तकांच्या दालनात हवे ते हाती लागत नाही.

झोटेरो म्हणजे तुमच्या स्वतःच्या टेबलावरचा तो ड्रॉवर. फरक एवढाच की या ड्रॉवरमधल्या कार्डाला पुस्तकच चिकटवून ठेवता येते, कार्डावर टिपण लिहिता येते आणि एकच कार्ड एकाच वेळी चार विषयांच्या कप्प्यांत दिसू शकते. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहास आणि नवमाध्यमे यांवर काम करणाऱ्या केंद्राने २००६ मध्ये ते बाहेर आणले. म्हणजे इतिहासकारांनीच, कागदपत्रे सांभाळताना होणारी आपली तारांबळ ओळखून, ते घडवले. ते विनामूल्य आहे आणि त्याची आज्ञावली कुणालाही उघडून पाहता येते. मेंडेली २००८ मध्ये आले आणि २०१३ मध्ये एल्सेव्हियर या मोठ्या प्रकाशन कंपनीने ते विकत घेतले. एन्डनोट त्याहून जुने आणि विकतचे. वरसईच्या भटजींचा माग काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी झोटेरोच सुचवेन. पैसे लागत नाहीत हे एक कारण. त्याहून मोठे म्हणजे सगळ्या नोंदी तुमच्याच संगणकावर राहतात.

एक व्यवहाराची गोष्ट आताच सांगून टाकतो. झोटेरो इंटरनेटवर फुकट जागा देते ती ३०० एमबी. जुन्या पुस्तकाचा स्कॅन सहज पन्नास-साठ एमबीचा असतो, म्हणजे पाच-सहा पुस्तकांत जागा संपते. नुसत्या नोंदी मात्र या हिशेबात धरल्या जात नाहीत. तेव्हा इंटरनेटवर नोंदीच जाऊ द्या आणि पीडीएफ आपल्या संगणकात ठेवून दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर उतरवा.

बटण दाबल्यावर आत काय होते

ब्राउझरच्या कोपऱ्यात झोटेरोचे एक छोटे बटण बसवता येते. एखाद्या लेखाचे पान उघडे असताना ते दाबले की क्षणात नोंद तयार होते. लेखक त्याच्या रकान्यात, साल त्याच्या रकान्यात, जमल्यास पीडीएफही सोबत. हे कसे होते ते समजून घेतले तर ते कधी फसते हेही आपोआप कळते.

स्वयंपाकघरातले डबे डोळ्यांसमोर आणा. बाहेरून सगळे स्टीलचे, सारखे. काही घरांत प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावलेली असते: रवा, बेसन, साबुदाणा. पाहुण्या बाईलाही तिथे स्वयंपाक जमतो. संकेतस्थळाच्या पानालाही आपल्याला न दिसणाऱ्या अशा चिठ्ठ्या लावता येतात. हे लेखकाचे नाव, हे शीर्षक, हे साल. चांगली नियतकालिके त्या लावतात. झोटेरो आधी त्या वाचते. पुस्तकाविषयी असलेल्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात.

चिठ्ठ्या नसतील तर? जुन्या वाड्यातल्या खोल्यांना नंबर नसतात, पण रोजच्या पोस्टमनला ठाऊक असते की जिन्याखालची खोली कुणाची आणि मागच्या अंगणातली कुणाची. झोटेरोजवळ अशा पोस्टमनांची फौजच आहे. एकेका संकेतस्थळाची रचना पाठ असलेले शेकडो छोटे प्रोग्रॅम जगभरच्या लोकांनी लिहून ठेवले आहेत. या संकेतस्थळावर लेखकाचे नाव वरच्या ओळीत असते, त्यावर ते खाली असते, एवढेच त्यांना माहीत असते. संकेतस्थळाने आपली रचना बदलली की पोस्टमन चुकतो, मग कुणीतरी त्याला नवी वाट शिकवावी लागते.

चिठ्ठी नाही आणि ओळखीचा पोस्टमनही नाही, अशा ठिकाणी झोटेरो फक्त पानाचे शीर्षक, पत्ता आणि आजची तारीख घेऊन येते. नोंदीचा प्रकार ‘वेब पेज’ असा पडतो आणि लेखकाचा रकाना रिकामा राहतो. मराठी आणि हिंदी संकेतस्थळांवर हे वारंवार होते. नोंद आल्या आल्या तिच्याकडे एकदा पाहा. रकाना रिकामा असेल तर पान समोर आहे तोवर हाताने भरा. दोन वर्षांनी ते पान असेलच असे नाही.

दोन क्रमांक

१९७० च्या सुमारास पुस्तकांना आयएसबीएन नावाचा क्रमांक मिळू लागला. आधी तो दहा अंकी होता, १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झाला. मागच्या कव्हरवरच्या बारकोडखाली तो असतो. भारतात छापलेल्या पुस्तकांवर ९७८ नंतर ८१ किंवा ९३ दिसते. झोटेरोत तो क्रमांक टाकला की ते मोठ्या ग्रंथालयांच्या याद्यांना विचारते आणि नोंद भरून आणते.

या क्रमांकाचा शेवटचा अंक पहारेकरी असतो. नमुना म्हणून नेहमी दाखवला जाणारा क्रमांक घ्या: ९७८-३-१६-१४८४१०-०. पहिल्या बारा अंकांना आलटून पालटून १ आणि ३ ने गुणायचे. ९ तसाच, ७ चे २१, ८ तसाच, ३ चे ९, १ तसाच, ६ चे १८, १ तसाच, ४ चे १२, ८ तसाच, ४ चे १२, १ तसाच, शून्याचे शून्य. बेरीज बरोबर १०० भरते. पुढच्या दहाच्या पटीला पोचायला काही लागत नाही, म्हणून शेवटचा अंक शून्य. घाईत एक अंक जरी चुकीचा टाइप झाला तरी बेरीज फिसकटते आणि भलतेच पुस्तक येण्याऐवजी क्रमांक चुकल्याचे कळते. घरी कुठलेही पुस्तक घेऊन हा हिशेब करून पाहा.

लेखांसाठी दुसरा क्रमांक आहे, डीओआय. तो १० या आकड्याने सुरू होतो आणि मध्ये एक तिरपी रेघ असते. त्याची गरज का पडली? झाशी जंक्शनचेच बघा. स्टेशनचे नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी झाले आहे. पूर्वी तिकिटावर जेएचएस हे कोड असायचे, आता व्हीजीएलजे असते. जुने कोड लिहिलेला कागद घेऊन बसलेला माणूस गोंधळतो. संकेतस्थळाच्या पत्त्यांचे असेच होते. नियतकालिक एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेले की सगळे पत्ते बदलतात आणि प्रबंधातल्या जुन्या दुव्यांवर ‘पान सापडले नाही’ असे येते. डीओआय हा त्यावरचा उपाय. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते ना, तसेच. लेख कुठेही हलला तरी क्रमांक तोच राहतो, आणि नवा ठिकाणा नोंदवून ठेवण्याची जबाबदारी प्रकाशकाची. विद्वत्तेच्या लेखांसाठी हे काम मुख्यतः क्रॉसरेफ ही संस्था करते. तिची स्थापना २००० सालची. डीओआय टाकला की झोटेरो तिच्याकडून लेखाचा सगळा तपशील आणते.

नोंद आली, लेख कुठे आहे?

इथे बरेच जण निराश होतात. नोंद आहे, पण पीडीएफ उघडत नाही. प्रकाशक एका लेखाचे दोन-तीन हजार रुपये मागतो. अशा वेळी तीन दारे ठोठावायची, आणि क्रम महत्त्वाचा.

पहिले दार उघडेच असते. कित्येक लेखक आपल्या लेखाची प्रत विद्यापीठाच्या संग्रहात कायदेशीरपणे मोकळी ठेवतात, पण ती कुठे ठेवली हे शोधणाऱ्याला कळत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेली अनपेवॉल ही सेवा अशा मोकळ्या प्रतींची यादी ठेवते. झोटेरोत नोंदीवर उजवी कळ दाबून पूर्ण मजकूर शोधायला सांगितले, की ते डीओआय घेऊन या यादीत बघते आणि प्रत असेल तर नोंदीला जोडून टाकते. नोंदीत डीओआय नसेल तर या शोधाला धरायला काही उरतच नाही. पत्ता नीट लिहायचा तो यासाठी.

दुसरे दार विद्यापीठाचे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिके, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था. १ जानेवारी २०२५ पासून ती चालू झाली. पूर्वी एवढा खजिना मोजक्या संस्थांच्या वाट्याला यायचा. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या झाशीच्या बुंदेलखंड विद्यापीठासारख्या राज्य विद्यापीठांना या योजनेने तेच दार उघडले, आणि ही गोष्ट माझ्या लेखी फार मोठी आहे.

पण प्रकाशकाच्या संकेतस्थळाला तुम्ही विद्यार्थी आहात हे कळते कसे? सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन गाडीचा नंबर बघून आत सोडतो, चालवणाऱ्याचा चेहरा बघत नाही. तसे संकेतस्थळ बघते की विचारणा कुठल्या नेटवर्कवरून आली. ती विद्यापीठाच्या नेटवर्कवरून आली तर दार उघडते. घरच्या वायफायवरून तोच लेख, तीच मुलगी, तोच लॅपटॉप, आणि दार बंद! झोटेरोजवळ वेगळी किल्ली नसते. ते तुमच्याच गाडीत बसून जाते. म्हणून आठवडाभर घरी नोंदी जमवा, त्यांना ‘आणायचे’ अशी खूण करा आणि विद्यापीठात गेल्यावर एकदम सगळ्यांचा पूर्ण मजकूर मागवा. घरूनच हवे असेल तर ग्रंथपालांकडे संस्थेच्या लॉगिनची चौकशी करा.

तिसरे दार माणसाचे. लेखकाला दोन ओळींची ईमेल लिहा. आपला लेख कुणी वाचू इच्छितो याचा आनंद बहुतेकांना होतो आणि ते प्रत पाठवतात. चोरून चढवलेल्या लेखांच्या संकेतस्थळांबद्दल एवढेच सांगतो की तीन मोठ्या प्रकाशकांनी २०२० मध्ये त्यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, आणि वर सांगितलेली दारे असताना त्या वाटेला जाण्याची गरज पडू नये.

शोधगंगा विसरू नका. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या संग्रहात देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य वाचता येतात, बुंदेलखंड विद्यापीठाचेही. आपल्या विषयाजवळचा प्रबंध मिळाला की आधी त्याची शेवटची पाने उघडा. कुणीतरी पाच वर्षे राबून केलेली संदर्भसूची तिथे तयार असते.

‘माझा प्रवास’: एक पुस्तक, नोंदी किती?

आता त्या मुलीच्या सगळ्यात महत्त्वाच्या साधनाकडे येऊ. वेढ्यात अडकलेल्या विष्णुभटांनी बऱ्याच वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून, आपली हकिकत लिहून काढली. वैद्यांनी ती १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने छापली, पण मूळ मजकुरात बरेच फेरफार करून. हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जमा झाले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ मजकूर प्रसिद्ध केला.

म्हणजे नाव तेच, लेखक तोच, आणि पुस्तके दोन. एखादे वाक्य १९०७ च्या प्रतीत आहे आणि १९६६ च्या प्रतीत नाही, असे झाले तर ते भटजींचे की वैद्यांचे, हा प्रश्न साऱ्या प्रबंधाला हलवू शकतो. झोटेरो सारख्या दिसणाऱ्या नोंदी एकत्र दाखवते आणि एका बटणाने त्या एक करू देते. साल आणि संपादक हे रकाने रिकामे ठेवलेत तर या दोन नोंदी त्याला जुळ्या वाटू शकतात. कंटाळून ते बटण दाबलेत, की जवळजवळ साठ वर्षांच्या अंतराने निघालेली दोन पुस्तके तुमच्या ड्रॉवरमध्ये एक होऊन जातील.

उलटेही घडते. अमृतलाल नागरांनी हिंदीत हे पुस्तक आणले ते ‘आँखों देखा गदर’ या नावाने. मृणाल पांडे यांचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला, प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांचा २०१४ मध्ये, आणि दोन्हींची शीर्षके अगदी वेगळी. कुठल्याच शीर्षकात ‘माझा प्रवास’ हे शब्द नाहीत. लेखकाचे आडनाव रोमन लिपीत कुठे ‘गोडसे’ तर कुठे ‘गोडशे वरसईकर’. हे सगळे एकाच हकिकतीचे अवतार आहेत, हे कुठल्याही यंत्राला आपणहून समजत नाही. ते माणसालाच सांगावे लागते. झोटेरोत त्यासाठी ‘संबंधित’ नावाचा कप्पा आहे. पाचही नोंदी एकमेकींना तिथे जोडल्या की एक उघडल्यावर बाकीच्या समोर येतात. आणि सगळ्यांना ‘झाशी’ हा एकच टॅग लावा. सुरुवातीच्या त्या तीन याद्यांचे कोडे तुमच्या ड्रॉवरपुरते तरी इथे सुटते. बाहेरच्या जगात शोधताना मात्र सगळी रूपे आलटून पालटून लिहावी लागतील.

शके १८२९ आणि वेष पालटलेली अक्षरे

आयएसबीएन नसलेल्या काळातली पुस्तके ही मराठी संशोधकाची रोजची अडचण. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी लिहिलेले राणीचे चरित्र १८९४ चे. त्याला ना आयएसबीएन ना डीओआय. अशी नोंद हातानेच करावी लागते, आणि हाताने करताना काही सापळे आहेत.

जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा शके असते. समजा एका पुस्तकावर शके १८२९ आहे आणि तेच सालाच्या रकान्यात लिहिले. यंत्र ते इसवी सन १८२९ समजते, म्हणजे १८५७ च्या उठावाच्या अठ्ठावीस वर्षे आधीचे! आकडा इतका शक्य कोटीतला दिसतो की वाचणाऱ्यालाही संशय येत नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो: १८२९ चे १९०७. हिंदी पुस्तकांवर विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करायचे. वर्षाच्या आरंभीच्या आणि अखेरच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो, म्हणून छापलेला आकडाही टिपणात जसाच्या तसा लिहून ठेवा.

दुसरा सापळा फाँटचा. युनिकोड सर्वत्र येण्याआधी मराठी-हिंदी मजकूर कृतिदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये टाइप होई. त्यात संगणकाच्या पोटात रोमन अक्षरेच असतात, फक्त पडद्यावर त्यांना देवनागरी आकाराचा पोशाख चढवलेला असतो. अशा पीडीएफमध्ये तुम्ही ‘राणी’ शोधलेत तर काहीच सापडत नाही. शब्द समोर दिसत असतो, पण आत तो तिथे नसतोच. स्कॅन केलेले पुस्तक तर नुसते पानांचे फोटो. त्यातला मजकूर शोधता यायचा तर आधी यंत्राकडून तो वाचून घ्यावा लागतो, आणि जुन्या टायपातल्या जोडाक्षरांवर ही यंत्रे अजून अडखळतात.

इंटरनेट अर्काइव्हवर भारतातल्या जुन्या पुस्तकांचे असंख्य स्कॅन आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे पुस्तकाचा हक्क संपतो. पारसनीस १९२६ मध्ये वारले, वैद्य १९३८ मध्ये, तेव्हा त्यांची पुस्तके निर्धास्त उतरवून घेता येतात. झाशीचेच वृंदावनलाल वर्मा १९६९ मध्ये गेले. त्यांची ‘झाँसी की रानी’ ही कादंबरी २०३० च्या आरंभी मोकळी होईल. पण इंटरनेट अर्काइव्हच्या संग्रहातली अनेक मराठी नावे रोमन लिपीत, ‘आ’साठी ‘ए’ दोनदा घालून, अशी लिहिली आहेत की साध्या शोधात हाती लागत नाहीत. अशा पद्धतीनेही शोधून पाहा, आणि सापडलेल्या नोंदीतले नाव देवनागरीत दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कपाटापर्यंत जावेच लागते तेव्हा

काही गोष्टी पडद्यावर येत नाहीत. भारत इतिहास संशोधक मंडळातले हस्तलिखित बघायचे तर पुणे गाठावे लागते. राणीने दत्तकाच्या मंजुरीसाठी गव्हर्नर जनरल डलहौसीकडे पाठवलेल्या खलित्यांसारखे सरकारी कागद हवेत तर राष्ट्रीय अभिलेखागार. त्याच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर आधी घरबसल्या शोध घेता येतो. जाण्यापूर्वी झोटेरोत नोंद तयार ठेवा: संस्थेचे नाव, विभाग, दाखल अंक किंवा फाइलचा क्रमांक, तारीख. कर्मचाऱ्यासमोर ‘राणीचे काहीतरी बघायचे आहे’ म्हणणारा आणि नेमका क्रमांक पुढे करणारा, यांच्या दिवसात फार अंतर पडते.

हे मी अनुभवाने लिहितो. माझ्या एका जुन्या वहीत एक सुंदर उतारा आहे, खाली फक्त ‘पारसनीस’ आणि पान क्रमांक. कुठले पुस्तक, कुठली आवृत्ती, काही नाही. तो उतारा मला आजवर कुठेही वापरता आलेला नाही.

राणीच्या मृत्यूची तारीख कुठे १७ जून १८५८ सापडते, कुठे १८ जून. जन्माचे साल कुठे १८२८, कुठे १८३५. प्रत्येक आकड्याखाली पुस्तक, आवृत्ती आणि पान लिहिलेले असेल तरच कुणाचे ऐकायचे हे ठरवता येते.

> चौकट: नोंद करताना
> नोंद आल्याबरोबर प्रकार, लेखक आणि साल तपासा.
> डीओआय किंवा आयएसबीएन असेल तर तो रकाना कधीच रिकामा सोडू नका.
> दोन आवृत्त्यांच्या दोन नोंदी ठेवा आणि त्या एकमेकींना जोडा.
> शके किंवा संवत असेल तर इसवी सन रकान्यात, छापलेला आकडा टिपणात.
> पूर्ण मजकूर मागवायचा तो विद्यापीठाच्या नेटवर्कवरून.
> जुन्या पुस्तकाचे शीर्षकपान आणि त्यामागचे पान यांचा फोटो नोंदीला जोडून ठेवा.

मराठी नियतकालिके आणि दिवाळी अंक काढणाऱ्या संपादकांना शेवटी एक विनंती. तुमच्या अंकातला लेख उद्या कुणी फोटो काढून, कुणी कात्रण करून, कुणी पीडीएफची चारच पाने काढून घेऊन जाईल. प्रत्येक पानाच्या तळाशी नियतकालिकाचे नाव, महिना, साल आणि पान क्रमांक एवढी एक ओळ छापा. झाशीत बसलेल्या त्या मुलीला तुमच्यापर्यंत पोचायला तेवढी पुरेल.